अर्धशिशीच्या जोडीला तुम्हाला आणखी काय काय आहे? (अनुभव धागा)

पेठकरीण :

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेच. इथं अर्धशिशीवाले किती आहेत ते एकमेकांच्या लिहिण्यातून आपल्याला माहीतच आहे, दुखण्यावर, खोलीत अंधार करून पडून राहण्यावर, उलट्यांवर आपण पुष्कळ बोललोय. पण मला असं दिसलंय की मायग्रेन एकटा क्वचितच असतो. कुणाला पोट, कुणाला चक्कर, कुणाला दमा, कुणाला झोप नाही, कुणाचं मन खचलेलं. आणि आपण काय करतो तर प्रत्येकाला वेगळा डॉक्टर, वेगळी फाईल, आणि एकाचं दुसऱ्याला सांगतच नाही कारण त्याचा याच्याशी काय संबंध असं आपल्यालाच वाटत असतं. संबंध असतो, आणि कुठली गोळी चालेल कुठली नाही हे बऱ्याचदा त्या दुसऱ्या दुखण्यावर ठरतं, म्हणून हा धागा.

माझं आधी सांगते. डोकं कॉलेजपासून. पोट लग्नानंतर. पोटाचं नाव आयबीएस, म्हणजे सोनोग्राफी, रक्त, दुर्बीण सगळं नॉर्मल पण सकाळी घरातून निघायच्या आधी दोन-तीनदा जावं लागतंय, कळ येतेय, आणि बाहेर कुठं कार्यक्रम असला की आधी बाथरूम कुठं आहे ते बघायचं. पोटाला राजारामपुरीत एक डॉक्टर, डोक्याला शाहूपुरीत दुसरे, आणि छातीत धडधड होते, उगीच भीती वाटते त्यासाठी आमचे पेठेतले फॅमिली डॉक्टर. गेल्या वर्षी एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमना दाखवलं. त्यांनी डोक्याचं थोडंच विचारलं आणि बाकीचंच विचारत बसल्या. लहानपणी गाडी लागायची का, झोप कशी, रात्री दात खाता का, पाळी कशी, दमा आहे का, थंडीत बोटं पांढरी पडतात का, आईचं डोकं दुखायचं का, मनाला कसं वाटतं. मी म्हटलं मॅडम डोक्याचं विचारा की. तर म्हणाल्या, तेच विचारतेय.

मग पोटाचं आणि धडधडीचं सगळं सांगितलं आणि त्यांनी रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिनची अगदी लहान डोसची गोळी दिली. ही मूळची डिप्रेशनची गोळी पण कमी डोसात मायग्रेनचे अटॅक कमी करायला वापरतात, आयबीएसची कळ पण कमी होते आणि झोप पण लागते. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडं जड वाटतं, वजनावर लक्ष ठेवावं लागतंय. पण एका गोळीनं डोकं आणि पोट दोन्ही हलकं झालं, आणि माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणून विचारतेय, तुमच्या अर्धशिशीला जोडीदार कोण, ते कसं कळलं आणि कळल्यावर औषधात काय बदललं, लिहा. डोस लिहू नका आणि दुसऱ्याची गोळी वाचून आपण सुरू करू नका एवढं पाळूया.


घाटवाट :

छान धागा ताई. माझा जोडीदार चक्कर. मी कामानिमित्त कोकणात जाऊन येऊन असतो, गगनबावड्याचा घाट नाहीतर फोंडा घाट. एकदा गाडी चालवताना नाही पण चहाला थांबलो तिथं सगळं डोलायला लागलं, जमीन सरकतेय असं, अर्धा दिवस तसाच. डोकं अजिबात दुखत नव्हतं, म्हणून मायग्रेनचा विचार कुणाच्या डोक्यात पण आला नाही. एक्स-रे काढला, मानेचे मणके झिजलेत म्हणाले, पट्टा बांधला. पट्टा बांधून पण चक्कर येतच होती. मग कानाच्या डॉक्टरांनी कॉटवर बसवून मान वळवून एकदम मागं झोपवलं आणि डोळे हलतात का ते बघितलं, ऐकण्याची तपासणी केली, दोन्ही व्यवस्थित. ते म्हणाले कानातले खडे सरकून जी चक्कर येते ती कूस बदलली की येते आणि मिनिटभराच्या आत जाते, तुमची तासन्‌तास राहते, चक्कर असताना उजेड आणि आवाज सहन होत नाही म्हणताय, आणि जुना मायग्रेन आहे, तर ही मायग्रेनचीच चक्कर दिसतेय. व्हेस्टिब्युलर मायग्रेन. पाच मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत कितीही राहू शकते आणि डोकं दुखलंच पाहिजे असं नाही.

लहानपणी एसटीत मला हमखास गाडी लागायची, आई लिंबू आणि पिशवी दोन्ही घेऊनच बसायची. ते पण त्याच्यातच मोजतात म्हणे, मायग्रेनवाल्यांना गाडी लागायचं प्रमाण जास्त असतं. मला फ्लुनारिझिन दिलंय, त्यानं चक्कर जवळजवळ बंद आहे. झोप येते, वजन वाढलंय, पण परत गाडी चालवतोय. चक्कर येणार असं वाटलं की बाजूला घेतो, त्यात तडजोड नाही.


मागवाला :

घाटवाट भाऊ तुमचं वाचून लिहायला बसलो कारण हीच गोळी मला दिलती आणि माझं उलटं झालं. तुम्हाला लागू पडली ती चांगलंच झालं, पण माझं वाचा.

मी इचलकरंजीचा, यंत्रमागाचा धंदा, वडलांपास्नं. मागाचा आवाज जन्मापास्नं कानात हाय, त्याचा कधी त्रास नव्हता, पण चाळिशीनंतर डोकं सुरू झालं की तो आवाज सोसंना. गोळी सुरू केली, अटॅक कमी झाले, पण दोन-तीन महिन्यांत माझं मन कशातच लागंना. जेवण नको, माणसं नकोत, हिशोबाची वही उघडली तरी तसाच बघत बसायचो. धंद्यात मंदी होतीच तर सगळ्यांना वाटलं त्याचं टेन्शन असंल. रात्री तीनला जाग यायची आणि मग काय काय विचार यायचे ते हितं लिहीत नाही, समजून घ्या. बायकोनं ओळखलं. तिनं डोक्याच्या डॉक्टरला जाऊन थेट सांगितलं की ह्यांच्या वडलांना पण मधे असंच झालतं, वर्षभर घरात बसून होते, आणि ह्यांना पण आधी एकदा थोडं झालतं. डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी बंद केली. म्हणाले ज्याला आधी डिप्रेशन होऊन गेलंय किंवा घरात हाय त्याला ही गोळी शक्यतो देत नाहीत, त्यानं मन आणखी खाली जाऊ शकतं. आधी मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी तरी कशाला सांगतोय, डोकं दुखतंय म्हणून गेलेला माणूस वडलांच्या मनाचं कशाला काढंल.

आता मानसोपचार डॉक्टर आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघं मिळून बघत्यात, एकच गोळी दोन्हीला चालते अशी दिलीय. बरा हाय. गावात लोक काय म्हणतील म्हणून पहिल्यांदा मिरजेला जायचो, आता हितंच जातो. पुरुषांनी हे वाचावं म्हणून लिहिलं. डोकं सारखं दुखणाऱ्या माणसाचं मन खचतं आणि मन खचलेल्याचं डोकं जास्त दुखतं, दोन्हीकडनं हाय ते. रात्री तीनला जाग येऊन तसले विचार येत असतील तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस, सरकारी हाय, फुकट हाय, मराठीत बोलतात.


पेठकरीण :

मागवाले दादा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, वहिनींना पण सांगा. तुमचा आणि घाटवाट यांचा अनुभव एकाखाली एक आला हे फार बरं झालं. गोळी तीच, फरक पडला तो जोडीच्या दुखण्यामुळे.


धुळीची अ‍ॅलर्जी :

मला दमा. गोकुळ शिरगावला एमआयडीसीत नोकरी, धूळ आणि पावसाळ्यातली ओल दोन्हीचा त्रास, पंप पर्समध्ये असतो. डोक्यासाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून देणार होते, पेन कागदावर टेकलं आणि डॉक्टरांनी विचारलं दमा आहे का, मी पंप काढून दाखवला तर म्हणाले मग ही नाही. ती गोळी फुप्फुसातल्या नळ्या आवळते, दम्याच्या माणसाला जोरात अटॅक येऊ शकतो. मला दुसरी दिली. पण माझ्या जावेला मायग्रेन आणि बीपी दोन्ही आहे तिला कँडेसार्टन नावाची बीपीचीच गोळी दिलीय, तिचं बीपी पण आटोक्यात आणि डोकं पण कमी. मात्र दिवस राहायचे असतील तर ती चालत नाही असं तिला बजावून सांगितलंय.

आणखी एक, सर्दी-सायनस म्हणून वर्षानुवर्षं वाफ घेणाऱ्यांनी एकदा तपासून घ्या. अ‍ॅलर्जीची सर्दी आणि मायग्रेन दोन्ही एकत्र असू शकतात, पण मायग्रेनच्या अटॅकमध्ये नुसतं नाक चोंदणं, डोळ्यातून पाणी, गालावर दुखणं हे पण होतं आणि ते सायनस नसतं.


म्हशीवाल्यांची सून :

मी सासूबाईंचं सांगते, त्या स्वतः काय लिहिणार नाहीत. आमच्या घरी म्हशी, गोकुळला दूध जातं, सासूबाई पहाटे चारला गोठ्यात. डोकं त्यांचं पहिल्यापासून, त्यांच्या आईचं पण होतं. गावातल्या दुकानात डोक्याची गोळी म्हटलं की एक ठरलेली पट्टी मिळायची, ती घेऊन गोठा, ती घेऊन भांगलण, ती घेऊन जोतिबाची यात्रा. आधी महिन्यातून कधीतरी, मग आठवड्याला, मग रोजच. गोळी घेतली नाही तर पहाटे डोकं दुखूनच जाग यायची त्यांना, मग गोळी, मग दुपारी परत. आम्हाला वाटायचं आजार वाढलाय. आणि थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी, मग लाल होऊन ठणकायची, धारा काढायला बोटं वळायची नाहीत. गार पाण्यात हात घालतात म्हणून होतंय असं सगळ्यांनी धरलेलं.

माझ्या नवऱ्यानं शेवटी कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी पट्टी बघितली, त्यात एर्गोटामाइन होतं. मग हात बघितले. मग सांगितलं दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे बोटांचा हा प्रकार, रेनॉड म्हणतात, मायग्रेनवाल्यांत जरा जास्त दिसतो, बोटांच्या रक्तवाहिन्या थंडीनं आवळतात. एर्गोटामाइन स्वतःच रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे अशा बोटांच्या माणसाला ती गोळी द्यायचीच नसते, बोटाला इजा होण्यापर्यंत जाऊ शकतं. दुसरं म्हणजे रोजचं जे डोकं आहे ते गोळीचंच आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ दिवस किंवा जास्त, आणि एर्गोटामाइनवाली, मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकवरच्या खास गोळ्या) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की औषधामुळेच डोकं दुखायला लागतं. ऐकून सासूबाई गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, मग मी दुखू दे म्हणायचं व्हय.

गोळी बंद केल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस फार वाईट गेले, खरं सांगते, उलट्या, घाम, चिडचिड, मी आणि नणंद आळीपाळीनं जवळ बसलो, गोठा नवऱ्यानं बघितला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं असं होणार म्हणून धीर धरला, आणि अटॅक कमी करायची वेगळी गोळी त्याच दिवशी सुरू केलेली. बोटांसाठी एक बीपीच्या गटातली गोळी फक्त थंडीच्या दिवसात, आणि पहाटे कोमट पाणी, हातमोजे. आता महिन्यातून कधीतरी दुखतं. एर्गोटामाइन घेणाऱ्यांनी आपली बोटं एकदा बघा एवढंच म्हणणं आहे.


घाटवाट :

वहिनी, पट्टीचं मागचं नाव वाचायचं असतं हे मला आज कळलं. आमच्या घरात पण तीच असणार, बघतो.


बी.एस्सी.वाली :

मी कोल्हापूरचीच पोरगी, त्यामुळं जशी बोलतो तशीच लिहितो.

मला पीसीओडी आहे, म्हणजे अंडाशयाचा-हार्मोन्सचा त्रास, पाळी चार-चार महिने यायची नाही. त्यासाठी दवाखान्यात गेलतो तर पाळी नियमित करायच्या गोळ्या दिल्या, ज्या गर्भनिरोधक म्हणून पण असतात त्याच. डोकं दुखतं हे मी सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नाही आणि मला पण ते वेगळंच वाटायचं. डोकं दुखायच्या आधी मला डोळ्यापुढं चमचमणारी नागमोडी रेघ दिसते, हळूहळू मोठी होत जाते, मधलं दिसत नाही, वीसेक मिनिटांनी जाते आणि मग दुखायला लागतं. एकदा लॅबमध्ये असताना हे झालं आणि बोटं पण बधिर झाली, बधिरपणा हातावरनं ओठापर्यंत चढत आला. मॅडम घाबरल्या, मी पण.

न्यूरोच्या डॉक्टरांनी सांगितलं ह्याला ऑरा म्हणतात, पाच मिनिटं ते तासभर राहतो. आणि पहिलाच प्रश्न, कुठली गोळी चालू आहे. ऑरावाल्या मायग्रेनमध्ये पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो, तरुण वयात मुळातला धोकाच खूप कमी असल्यानं घाबरून जायचं नाही, पण इस्ट्रोजेनवाली गोळी आणि सिगारेट त्यात भर घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमात पण ऑरा असलेल्यांना इस्ट्रोजेनवाली गोळी द्यायची नाही असंच आहे. स्त्रीरोग डॉक्टरांना फोन करून त्यांनी दुसरा मार्ग ठरवला, आता फक्त प्रोजेस्टेरॉन आणि व्यायाम, वजन.

पोरींनो, पाळीच्या कुठल्याही गोळ्या घेण्याआधी डोळ्यापुढं असलं काय दिसतंय का ते सांगा. मला तर वाटायचं सगळ्यांनाच डोकं दुखताना असं दिसतं.


धाकट्याची आई :

डोकं माझं, पण जोडीदार मुलाला मिळालाय असं म्हणावं लागेल. धाकटा सात वर्षांचा. महिन्या-दीड महिन्यानं एकदा बेंबीभोवती पोट दुखायचं, चेहरा पांढरा पडायचा, खायला नको, कधी उलटी, दिवसभर पडून, दुसऱ्या दिवशी उठून रंकाळ्यावर सायकल. जंताचं औषध झालं, सासूबाईंनी दृष्ट काढली, शाळेत बाईंना वाटलं शाळा चुकवायला करतो. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं व्यवस्थित आलं. मग बालरोगतज्ज्ञांनी माझ्याकडे बघून विचारलं तुम्हाला मायग्रेन आहे का. काही मुलांत तो पोटात येतो, डोकं दुखतच नाही, काही तासांपासून दोन-तीन दिवस, मधल्या काळात मूल एकदम ठणठणीत. त्यातल्या बऱ्याच मुलांना पुढे डोक्याचा मायग्रेन होतो. सध्या औषध काही नाही, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, पाणी, आणि अटॅक आला की अंधाऱ्या खोलीत झोपवायचं. झोपून उठला की बरा असतो. शाळेत चिठ्ठी दिलीय डॉक्टरांची, बाईंनी नीट समजून घेतलं.


खेड्यातला डॉक्टर :

मी पन्हाळा तालुक्यात प्रॅक्टिस करतो आणि मला स्वतःला मायग्रेन आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

जगात शंभर कोटीच्या आसपास लोकांना मायग्रेन आहे, वयात आल्यानंतर बायकांत पुरुषांच्या साधारण तिप्पट. एवढा सर्रास आजार असल्यावर त्याच्याबरोबर दुसरं काहीतरी योगायोगानं सापडणारच, ते सोडून देऊ. पण वर आलेली बरीच नावं योगायोगापेक्षा जास्त वेळा सोबत दिसतात. कुठे आनुवंशिकता सामाईक असते. कुठे मेंदूतली रसायनं तीच, सेरोटोनिन घ्या, ते डोकं, मन, झोप आणि आतडं चारही ठिकाणी काम करतं. कुठे एक आजार दुसऱ्याला ओढून आणतो, जसं झोप मोडली की अटॅक, अटॅक आला की झोप मोडते. आणि कुठे आम्ही दिलेल्या औषधानंच दुसरं सुरू होतं, ते मागवाल्यांनी आणि म्हशीवाल्यांच्या सुनेनं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय.

मानेचं विशेष सांगतो, माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट मणका मणका करत येतात. चेहऱ्याच्या-डोक्याच्या नसा आणि मानेच्या वरच्या भागातल्या नसा मेंदूच्या खोडात एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून मायग्रेनमध्ये मान दुखणं हे नेहमीचं आहे, आणि चाळिशीनंतर बऱ्याच जणांच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसतेच. झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही.

घोरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. सकाळी उठल्याबरोबर रोज डोकं जड, दिवसा पेंग, जोडीदार म्हणतो रात्री श्वास थांबतो, तर झोपेची तपासणी करून घ्या. त्याचा इलाज मायग्रेनच्या गोळीत नाही.

आणि आपल्याला मायग्रेन आहेच असं म्हणून काही गोष्टी अंगावर काढायच्या नाहीत. क्षणात शिगेला गेलेलं आयुष्यातलं सगळ्यात जोराचं दुखणं, ताप आणि मान ताठ, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं डोकं, यात थांबायचं नाही, त्याच वेळी हॉस्पिटल. बी.एस्सी.वालीनं लिहिलेला बधिरपणा हळूहळू चढत गेला, ऑरा असाच चढतो. एकदम एका झटक्यात अर्धं अंग गेलं तर तो पक्षाघात धरून पळायचं.


तिसरी शिफ्ट :

शिरोलीला फाउंड्रीत, शिफ्ट बदलती. माझा भाऊ आणि मी दोघंही मायग्रेनवाले, भावाला फिट पण येतात. त्याला टोपिरामेट दिलंय, फिट आणि मायग्रेन दोन्हीला एकच. बोटांना मुंग्या येतात आणि सोडा प्यायला तर पाणचट लागतो म्हणतो, बिंदू चौकात सोडा प्यायची लई सवय होती त्याला. मला पण तीच द्यायची होती पण मला मुतखडा होऊन गेलाय म्हणून नाही दिली, तिनं खडे होऊ शकतात. भावाला पण पाणी भरपूर प्यायला सांगितलंय. शिफ्टचं मात्र कुणाकडे औषध नाही, रात्रपाळीचा आठवडा म्हणजे डोकं ठरलेलं.


जयसिंगपूरची ताई :

पायांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. रात्री अंथरुणात पडलं की पिंढऱ्यांच्या आत वळवळ, ओढ, पाय हलवल्याशिवाय चैन नाही, उठून चाललं की बरं, पडलं की परत. झोप होत नाही आणि सकाळी डोकं. मी कित्येक वर्षं कॅल्शियम कमी म्हणून गोळ्या घेतल्या. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात आणि मायग्रेनवाल्यांत ते जास्त आढळतं हे मला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी फेरिटिन नावाची तपासणी केली, शरीरातला लोहाचा साठा, हिमोग्लोबिन बरं होतं पण साठा तळाला. पाळीत अंगावरून फार जायचं ते कारण. आणि दुसरी गोष्ट ऐकून मी चाट पडले. अटॅकमध्ये उलटी थांबायला मी मेटोक्लोप्रामाइड घ्यायची, त्या रात्री पाय जास्तच वळवळायचे. ते औषध डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन अडवतं आणि पायांचा त्रास वाढवतं. उलटीचं औषध बदललं, लोह सुरू केलं, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पेठकरीण ताईंची अमिट्रिप्टिलिन पण पायवाल्यांना शक्यतो देत नाहीत, त्रास वाढू शकतो. लोहानं लगेच फरक पडत नाही, काही महिने गेले. पण आता रात्रीची झोप लागते.


पेठकरीण :

ताई, माझे पाय शांत आहेत, पण माझ्या धाकट्या बहिणीचं अगदी तुम्ही लिहिलंय तसंच आहे, तिला आत्ताच पाठवलं हे.


उसाचा फड :

सगळं वाचून काढलं. माझी बहीण राधानगरीकडं दिलीय, तिचं डोकं, पित्त, चक्कर सगळंच सुरू हाय, जवळ मोठा डॉक्टर न्हाई. कोल्हापूरला आणायचं म्हणतोय, पण तिथं गेल्यावर गर्दीत डॉक्टरपुढं तिला काय बोलाय सुचत न्हाई. कुठं न्यायचं आणि काय घेऊन जायचं?


पेठकरीण :

दादा, मी एका कागदावर लिहून नेलं होतं, तसंच करा. महिन्यातून किती दिवस दुखतं, कुठली गोळी किती दिवस घेते, डोक्याशिवाय अंगात जे जे होतं ते सगळं, क्षुल्लक वाटलं तरी, आणि आई-वडिलांना काय होतं. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला, रिकाम्या पण, नावं लक्षात राहत नाहीत. पोटाची, बीपीची, आयुर्वेदिक, सगळ्या. कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा, बोलायला सुचलं नाही तरी चालतं.


खेड्यातला डॉक्टर :

खर्चाचं बघायचं असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला, मेडिसिनच्या ओपीडीत आधी दाखवा, सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते. पुढं कुणाला दाखवायचं ते तिथून ठरवतील. कागद नक्की न्या, ओपीडीत आम्हाला वेळ कमी असतो, लिहिलेलं असलं की सुटत नाही.


उसाचा फड :

बरं साहेब. तिचं बाळ लहान हाय, अंगावर पितंय, ते पण लिहायचं का?


खेड्यातला डॉक्टर :

ते सगळ्यात वर लिहा. दूध पाजणाऱ्या बाईला कुठली गोळी द्यायची ते त्यावरच ठरतं, आणि एर्गोटामाइनवाली पट्टी घरात असेल तर तिला अजिबात देऊ नका. बाळंतपणाला किती दिवस झाले तेही लिहा. सहा आठवड्यांच्या आतली बाळंतीण असेल आणि हे डोकं नेहमीपेक्षा वेगळं, जोराचं किंवा नव्यानं सुरू झालेलं असेल, तर मायग्रेन धरून चालायचं नाही आणि सोमवारची वाट बघायची नाही, आज जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन बीपी मोजून घ्या आणि इथं कळवा.


उसाचा फड :

तीन आठवडे झाल्यात. गाडी काढतोय.